मगाचा कान: रोजच्या वापरात टिकेल असा

कुंभाराच्या चाकावर मग उठवणं सरावाने जमतं. रोज उचलायच्या, घासायच्या मगाची खरी कसोटी कानावर लागते, म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवते.

साधारण 400 ग्रॅम स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजायची, घट्ट होणारी माती) नीट मळून घ्या. बुडबुडा राहिला तर भिंत उचलताना बोटाला अडतो. भिंत 4-5 मिलिमीटर जाड ठेवा. वाळून-भाजून माती 10 ते 12 टक्के आकसते, त्यामुळे ओला मग हातात जरा मोठाच वाटला पाहिजे. काठ ओल्या कापडाने गोलसर करा. ओठाला बोचणारा मग कोणी दुसऱ्यांदा हातात घेत नाही.

कान लगेच लावू नका. मग चामड्याइतका घट्ट होऊ द्या: दाबला तर आकार मोडत नाही, पण नखाचा ओरखडा उठतो. त्याच मातीचा निमुळता गोळा एका हातात लटकता धरा आणि दुसऱ्या ओल्या हाताने वरून खाली ओढत राहा. मधूनमधून गोळा फिरवून अंगठ्याची बाजू बदला, नाहीतर पट्टी एकाच कडेला पातळ होते. मध्ये भरीव, कडांना निमुळती पट्टी बोटांना बोचत नाही.

जोडायच्या जागा सुईने उभ्या-आडव्या खरवडा, त्याच मातीचा दाट घोळ लावा आणि आतून बोटाचा आधार देत कान दाबा. घोळ कडेने बाहेर आला की सांधा बसला. तो लगेच पुसू नका. जरा आळला की लाकडी काडीने दाबून बसवा. कानाच्या आत बोटं घालून बघा. भिंतीला टेकत असतील तर तयार मगात गरम चहा ओतल्यावर नक्की पोळतील.

सर्वाधिक कान सुकताना जातात. कान बारीक, त्यामुळे आधी वाळतो, आधी आकसतो, आणि सांध्याला चीर पडते. कानाभोवती प्लास्टिक गुंडाळा, मगही झाकून सावकाश वाळवा. गालाला लावून गार लागला तर आत ओल आहे. भट्टीत घालू नका, वाफेने फुटेल.

पहिली भाजणी 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास. 573 अंशांना मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज एकदम फुगतं, तिथे घाई नको. त्यानंतर शिसं नसलेलं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) द्या, पण बुडाला आधी मेण लावा, नाहीतर मग भट्टीच्या फळीला चिकटेल. ग्लेझची भाजणी माती आणि ग्लेझ दोघांना मानवेल त्या तापमानाला करा. माझ्या मातीला 1220 ते 1240 अंश लागतात. तयार मगात रात्रभर व्हिनेगर ठेवा. सकाळी आतला रंग किंवा चमक उतरलेली दिसली, तर त्या मगात पेनं ठेवा, पिऊ नका.