गोव्यात निकाहाला कायद्याची मान्यता कशी मिळवावी

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे, आणि १९३७ चा शरियत कायदा इथे लागू केलेला नाही. म्हणून ‘निकाहनामा आहे, मग नोंदणी कशाला?’ हा बेळगाव-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे मुळीच ऐकू नये.

कागदपत्रे घेऊन तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे विवाहाचा इरादा नोंदवावा. ही ‘पहिली सही’. त्याआधी नावे मात्र जुळवून घ्यावीत. जन्मदाखल्यावर ‘शेख’ नावाच्या शेवटी आणि आधार कार्डावर सुरुवातीला असेल, तर एवढ्यावरूनही काम अडू शकते.

त्यानंतर हरकतींसाठी नोटीस लागते. वधूवरांचे धर्म वेगळे आहेत ही कायदेशीर हरकत होत नाही.

नोटिशीनंतर निबंधकासमोर विवाह पक्का करण्यासाठी पुन्हा सही करायची असते. ही ‘दुसरी सही’. खरा घोळ होतो तो तिच्यापाशी. पहिली सही झाली की घरात जेवणावळीची तयारी सुरू होते, निकाह थाटात पार पडतो आणि इरादा नोंदवल्याचा कागद ‘लग्नाचा दाखला’ म्हणून कपाटात जातो. कायद्याच्या दृष्टीने ते दोघे तोवर अविवाहितच असतात. हे कळते ते बहुधा पासपोर्टच्या वेळी किंवा, त्याहून वाईट म्हणजे, नवऱ्याच्या मृत्यूनंतर. कारण वेगळा करार नसेल तर इथे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि विवाहच नोंदलेला नसेल तर बायकोला आपला अर्धा वाटा सिद्ध करता येत नाही. सर्वाधिक नुकसान तिचेच होते. म्हणून माझे ठाम मत आहे की आधी साक्षीदारांसह दुसरी सही करावी आणि मगच निकाहाची तारीख धरावी. वडीलधारे कितीही घाई करोत.

कॅथलिक जोडप्यांना १९४६ च्या हुकुमान्वये पहिल्या सहीनंतर ना-हरकत दाखला घेऊन चर्चमध्ये विवाह करता येतो, आणि चर्चमधील नोंद पुढे निबंधकाच्या पुस्तकात उतरवली जाते. काझींच्या नोंदवहीला तो मान नाही. समान कायद्याचा गौरव करणाऱ्या राज्यात ही तफावत मला मनापासून खटकते, पण कायदा बदलेपर्यंत दुसऱ्या सहीला पर्याय नाही.

मालमत्ता वेगळी ठेवायची असल्यास तसा करार विवाहापूर्वीच नोंदवावा, कारण नंतर तो करता किंवा बदलता येत नाही. दुसऱ्या सहीनंतर विवाहनोंदीच्या प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात आणि एक वधूच्या माहेरी ठेवावी.