प्रवेश समितीत नव्याने आलेल्यांसाठी: मोबाइलवरून गावातल्या घरापर्यंत पोहोचताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मी वाणिज्य शिकवते आणि गेली काही वर्षं आमच्या कॉलेजच्या प्रवेश समितीचं समाजमाध्यमांचं काम बघते. बारावीचा निकाल जवळ आला की आमच्याकडे हे काम हमखास नव्या प्राध्यापकांवर येतं, त्यातही तासिका तत्त्वावर लागलेल्यांवर. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला मोबाइलचं कळतं, एवढ्यावर जबाबदारी ठरते. विद्यार्थिसंख्येवर कार्यभार, म्हणजे शिकवण्याचे तास, ठरतो आणि कार्यभारावर पद, त्यामुळे या कामाचं दडपण येतं हे मला ठाऊक आहे. त्या दडपणाखाली बहुतेक जण पोस्टर बनवायला बसतात. इमारतीचा फोटो, संस्थाध्यक्षांचा फोटो, ‘प्रवेश सुरू’ ही ओळ आणि खाली तीन फोन नंबर. माझं म्हणणं एवढंच आहे की पोस्टरवर जाणारा वेळ विचारणाऱ्याला नीट उत्तर देण्यावर घालवा. आमच्याकडे प्रवेश वाढले ते उत्तरांमुळे.

आधी फोन कोणाचा आहे ते समजून घ्या. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गावागावात स्मार्टफोन आले हे खरं, पण घरात तो असतो वडिलांचा नाही तर मोठ्या भावाचा. दिवसा फोन वावरात जातो. बारावी झालेल्या मुलीच्या हातात तो संध्याकाळी, स्वयंपाक आटोपल्यावर येतो. म्हणून सकाळी अकराला टाकलेली पोस्ट तिच्यापर्यंत पोहोचतेच असं नाही. आम्ही रात्री आठ ते दहा ही वेळ धरतो. शिवाय त्या फोनवर तुमचा संदेश आधी वडील ऐकतात, मग मुलगी. दोघांना एकाच वेळी पटेल असं बोलावं लागतं.

वडील टाइप करत नाहीत, व्हॉइस मेसेज पाठवतात. एक मला अजून आठवतो: ‘मॅडम, माही पोरगी बारावी पास झाली. तुमच्या कॉलेजात तिले टाकाचं म्हणतो. पण सकाळची गाडी कितीले हाये, अन् पोरगी घरी वापस कितीक वाजता येईन, हे सांगा बरं.’ अभ्यासक्रम, नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) श्रेणी, वाचनालयातली पुस्तकं यातलं काहीच त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना बस हवी होती, आणि पोरगी दिवसाउजेडी घरी येईल याची खात्री हवी होती. नंतर लक्षात आलं की निम्म्याहून जास्त पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो.

त्यावर आम्ही जे केलं ते सविस्तर सांगते, कारण ते कुठल्याही कॉलेजला जमण्यासारखं आहे. त्याच रस्त्यावरच्या गावातून येणाऱ्या तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला, तिच्या घरी विचारून, तिचा रोजचा प्रवास साध्या मोबाइलवर चित्रित करायला सांगितलं. फाट्यावर उभी असलेली ती, येणारी लाल एसटी, स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक, तिथून कॉलेजपर्यंतचा पायी रस्ता, मुलींची खोली, पिण्याच्या पाण्याची जागा आणि परतीची गाडी. मागे गाणं नाही. ती आपल्या वऱ्हाडीत बोलली: ‘इथून मी उतरते, अन् हे पाहा आमचं गेट.’ दीड मिनिटाचा तो व्हिडिओ आम्ही इन्स्टाग्रामवर टाकला, यूट्यूबवर ठेवला, आणि बसचं विचारणाऱ्या प्रत्येक पालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवला. पुढच्या वर्षी वेगवेगळ्या रस्त्यांचे तसेच व्हिडिओ मुलींनीच केले. तांड्यावरून येणाऱ्या एकीने गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलून केला, कारण तिच्या आजीला मराठी पूर्ण समजत नाही आणि घरातला शब्द आजीचाच चालतो. आमच्या भागात कोलामी बोलणाऱ्या आदिवासींच्या वस्त्याही आहेत. तुमच्या वर्गात ती भाषा बोलणारं कोणी असेल तर त्याच्या आवाजाइतकं मोलाचं साधन दुसरं नाही.

बसचं सांगताना पासाचंही सांगा. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. पदवीला आल्यावर तो मोफत राहत नाही, विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, उरलेले पैसे भरावे लागतात. घरच्यांना हे जुलैत स्टँडवर कळलं की काही मुलींचं कॉलेज तिथेच थांबतं. मे महिन्यातच रुपयांचा आकडा सांगितला तर तो हिशोबात धरला जातो.

पैशांच्या बाबतीत स्पष्ट बोलायला कचरू नका. आमच्याकडे प्रवेशाचे दिवस आणि पेरणीचे दिवस एकच. घरातला पैसा त्या वेळी सोयाबीन-कपाशीच्या बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. हप्त्याची सोय असेल तर ती पहिल्याच संदेशात लिहा, पालकाला विचारायला लावू नका. विचारायला लाजणारी माणसं फार आहेत. आणि ‘शिष्यवृत्ती मिळेल’ एवढंच मोघम कधीच लिहू नका. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज प्रवेशानंतर भरायचा असतो, बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो आणि पैसे यायला वेळ लागतो, हे चारही सांगा. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाचा मुलींच्या शुल्कमाफीचा निर्णय आला तेव्हा ‘मुलींचं सगळं शिक्षण मोफत’ अशी बातमी गावोगावच्या ग्रुपवर फिरली. प्रत्यक्षात तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींच्या शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कापुरता आहे. अशा वेळी गप्प राहून गैरसमजाचा फायदा घेणारी कॉलेजं असतात. तुम्ही दोन मिनिटांचा खुलासा करून टाका. त्या वर्षी आमच्या पेजवर सगळ्यात जास्त पुढे पाठवला गेला तो असाच खुलासा होता, आणि त्यामुळे पालक पुढचं विचारायलाही आमच्याकडेच आले.

तारखांचंही तसंच. बीसीए, बीबीए २०२४-२५ पासून सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, कक्षेत गेले. तुमच्याकडे हे अभ्यासक्रम असतील तर जूनमध्ये जाहिरात करून काय उपयोग? बारावीच्या परीक्षेच्या आधीच, सीईटीचे अर्ज सुरू झाले की, कनिष्ठ महाविद्यालयांच्या ग्रुपवर सांगायला हवं. जात वैधता प्रमाणपत्राचंही हिवाळ्यातच सुचवा. प्रवेशाचं काम मे-जूनचं आहे असं मानणाऱ्या समित्यांना हे पटायला वेळ लागतो, पण धीर सोडू नका.

साधनांबद्दल थोडं. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच संदेश जातो. म्हणून पहिल्या बोलण्यातच ‘हा नंबर कॉलेजच्या नावाने सेव्ह करा’ असं सांगा, आणि तो नंबर कॉलेजचा असू द्या, तुमचा स्वतःचा नको. इच्छुक मुलींचा उघडा ग्रुप मात्र करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, मग अनोळखी फोन येतात, आणि असा एक फोन आला की घरचे कॉलेजचं नावच काढू देत नाहीत. व्हॉट्सअॅपच्या चॅनलवर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, सूचना द्यायला तेच बरं. बारावीची बरीच मुलं अठराच्या आतली असतात. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठराच्या आतल्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. कायदा बाजूला ठेवला तरी, गुणवंत मुलीचा फोटो तिच्या घरी न विचारता बॅनरवर टाकणं मला चूक वाटतं. कनिष्ठ महाविद्यालयातून नंबरांच्या याद्या गुपचूप मिळवण्याची पद्धत आहे, तिच्यापासून लांब राहा.

कागदपत्रांची यादी चित्रात द्या आणि खाली मजकूर म्हणूनही द्या. मोठी पीडीएफ रिचार्ज संपत आलेल्या फोनवर उघडत नाही. प्रत्येक चित्रावर शैक्षणिक सत्र आणि तारीख ठळक लिहा. आमच्या भागात तीन वर्षांपूर्वीची चित्रं अजून फिरतात आणि लोक जुनं शुल्क घेऊन काउंटरवर येतात. गूगल नकाशावरचा कॉलेजचा फोन नंबर चालू आहे का, हेही आजच तपासा. निवृत्त झालेल्या लिपिकाचा नंबर तिथे राहिला असेल तर किती जण वाट बघून दुसरीकडे गेले ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता ज्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात ते. बहुतेक मुलं अर्ज स्वतः भरत नाहीत. स्टँडजवळचा झेरॉक्सवाला, सेतू केंद्रातला दादा किंवा मोबाइल रिचार्जच्या दुकानातला मुलगा भरून देतो. ‘कोणतं कॉलेज टाकू?’ हे तोच विचारतो, आणि पोरगा गोंधळला तर तोच सुचवतो. आम्ही तालुक्यातल्या अशा दुकानदारांना भेटलो, चहा घेतला, कागदपत्रांची यादी दिली आणि त्यांच्यासाठी वेगळी ब्रॉडकास्ट यादी केली. विद्यापीठाचं पोर्टल बंद पडलं, तारीख वाढली, विषयसंचात बदल झाला की पहिला संदेश त्यांना जातो. मेजर-मायनर (नव्या शैक्षणिक धोरणातले मुख्य आणि दुय्यम विषय) हा प्रकार २०२४-२५ ला आमच्याकडे आला तेव्हा आमच्या एका सरांनी फळ्यावर खडूने तो समजावून सांगितला होता. तो व्हिडिओ या दुकानांत मुलांना दाखवला जायचा. कमिशन कोणालाही दिलं नाही, देऊही नये.

रीलला किती लोकांनी पाहिलं यावर प्राचार्य खूश होतात. तुम्ही मात्र एक साधी वही ठेवा: कोण विचारत होतं, कोणत्या गावचं, काय विचारलं, उत्तर कधी दिलं. पुण्या-मुंबईचे हजारो बघे आपल्या वर्गात बसणार नाहीत. त्या वहीत एखाद्या गावातून एकही विचारणा नसेल तर तिथे नेटवर्क नसतं, किंवा बस नसते, किंवा त्या गावात आपला एकही माजी विद्यार्थी नसतो. अशा गावाला मोबाइल सोडून गाडी काढा.

आणि काम जूनअखेर बंद करू नका. पुरवणी परीक्षेचा निकाल उशिरा लागतो, तोवर बहुतेक पेजेस गप्प झालेली असतात. एका विषयात राहिलेली आणि नंतर सुटलेली मुलं त्या वेळी विचारत असतात: आता जागा आहे का, विद्यापीठाने मुदत वाढवली का. त्यांना हो किंवा नाही, जे असेल ते, त्याच दिवशी कळवा. नाही म्हणावं लागलं तर मुक्त विद्यापीठाची आणि आयटीआयची चौकशी कुठे करायची तेही सांगा. वहीत ज्यांनी विचारलं पण आले नाहीत, त्यांना जुलैत एक फोन करा. यातल्या काही मुलींचा प्रवेश फक्त एखाद्या दाखल्यापायी अडलेला असतो, आणि तो तहसीलमधून चार-आठ दिवसांत निघू शकतो.