कंपनी अडचणीत असताना शॉप फ्लोअरवर होणाऱ्या चुका: या टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या मशीनिंग कंपन्यांत, म्हणजे मशीनवर धातूचे पार्ट बनवणाऱ्या, मी १९ वर्षं शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनं चालतात त्या शेडमध्ये, काढली. ऑर्डर कमी होणं आपल्या हातात नसतं, पण त्यानंतर माणसं जी फुटतात ना, ते बहुतेक वेळा आपणच करून ठेवलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पगार लेट होणार हे लपवायचं. पगार ७ तारखेच्या आत व्हायला हवा हे हेल्परलासुद्धा माहीत असतं. एका कंपनीत ७ गेली, १० गेली, कोणी एक शब्द बोललं नाही, एचआरवाले केबिनचं दार लावून बसले. १४ तारखेला दोन माणसं टेप घेऊन शेड मोजायला आली. ती बँकेकडून आली होती, कर्जाचं लिमिट रिन्यू करायचं म्हणून जागेची किंमत काढायला, पण जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये कंपनी विकली अशी बातमी झाली आणि सेकंड शिफ्ट आत येईपर्यंत हिशोबाचे पैसेपण बुडणार इथपर्यंत गेली. त्याच आठवड्यात आमचा ११ वर्षं जुना सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, नोकरी सोडून गेला. चार नंबरचं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) दुपारनंतर तापलं की ऑफसेट, म्हणजे माप जुळवायला टूलची दुरुस्ती, किती द्यायचा हे फक्त त्याला माहीत होतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. जाताना मला म्हणाला, "साहेब, पोरीची फी १० ला होती, मला ५ तारखेला सांगितलं असतं तर मेव्हण्याकडनं घेतले असते." मला ते आजपण लागतं, कारण ५ तारखेला मला माहीत होतं.

तेव्हापासून मी लेट होणार असं कळलं की महिना लागताच शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टसमोर उभा राहून तारीख सांगतो, नोटीस लावून मोकळा होत नाही. १८ ला होईल असं वाटलं तर २० सांगतो, म्हणजे शब्द खोटा पडत नाही. पैसे थोडे असतील तर आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग स्टाफ आणि सगळ्यात शेवटी मी. आणि कापलेल्या पीएफला कधीच हात लावायचा नाही, ते १५ तारखेच्या आत भरायचे असतात, न भरणं हा गुन्हा आहे, आणि आता प्रत्येकजण मोबाईलवर सरकारच्या उमंग ॲपमध्ये पीएफचं पासबुक बघतो, एक महिना रिकामा दिसला की सगळ्यांना कळतं.

मोठ्या कंपन्यांतपण हेच होतं, जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली पण पगार रखडले म्हणून पायलट दुसरीकडे जायला त्याच्या आधीच लागले होते.

दुसरी चूक, आकड्यांसाठी आरडाओरडा. नवीन प्लँट हेड येतो, त्याला एका क्वार्टरमध्ये रिझल्ट पाहिजे असतो, मग दर तासाला किती झाले, किती झाले. रिजेक्शन, म्हणजे बिघडलेले पार्ट, दाखवलं की शिव्या बसतात म्हटल्यावर कोण दाखवेल? आम्हाला एकदा कॉम्प्रेसरच्या मागे सिमेंटच्या गोणीत ३४० बुश सापडले, सगळ्यांचं आतलं भोक मापापेक्षा मोठं, आणि तोपर्यंत त्याच लॉटचे बाकीचे कस्टमरकडे गेलेले. कस्टमरनं नुकसानीची रक्कम आमच्या बिलातून कापायची डेबिट नोट पाठवली, ती महिन्याच्या नफ्यापेक्षा मोठी होती. मी आता सकाळी पहिल्यांदा बिघडलेले पार्ट टाकायच्या लाल क्रेटपाशी जातो, काय अडलं ते विचारतो, आकडा नंतर. बिघडलेला पार्ट स्वतः आणून दाखवणाऱ्याला ओरडायचं नाही, हा माझ्याकडे पक्का नियम आहे. याचा फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, घाई असेल त्यांनी या भानगडीत पडू नये.

बाकीच्या थोडक्यात. चहा-बिस्किटं बंद करू नका, वाचतात किरकोळ आणि बोललं जातं वर्षभर. पगार थकलेला असताना फाइव्ह एसचे (जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचे) बॅनर लावायला कन्सल्टंट आणू नका. रात्री ११ ला व्हॉट्सॲप ग्रुपवर मेमो टाकू नका. मालकाच्या पाहुण्याला सुपरवायझर करू नका.

आणि माणसं कमी करायचीच असली तर दर शनिवारी एक-एक काढू नका, उरलेले सगळे शनिवारची वाट बघत काम करतात, म्हणजे करतच नाहीत. वकिलाला विचारून, नोटीस आणि भरपाई नीट देऊन, एकाच दिवशी करा. ज्याला काढताय त्याचा चेक त्याच दिवशी हातात द्या, नंतर या म्हणू नका, कारण तो गेटवर चकरा मारत असतो तेव्हा आतला प्रत्येकजण त्याच्याकडे बघत असतो.