या चुका टाळा: कर्ज देणाऱ्या कंपन्या टक्के बघतात, तारखा कोण बघणार?

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण या पट्ट्यात धंद्याला कर्ज देणाऱ्या छोट्यामोठ्या फायनान्स कंपन्या आता भरपूर झाल्यात. मच्छीमारी नौका, टेम्पो, काजू फॅक्टरी, होमस्टे, आंब्याच्या बागांचे खंड, कशालाही कर्ज मिळतं. यातल्या कुणालाही विचारा की बाबा तुझ्या धंद्यात धोका कसला, तर उत्तर ठरलेलं, "पार्टी बुडवेल". पार्ट्या बुडवतात हे खरंच आहे, पण सगळे हप्ते वेळेवर येत असताना पण कंपनी तोट्यात जाऊ शकते हे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं. मी अशा कंपन्यांच्या हिशोबात डोकं घालून बसणारा माणूस, त्यामुळे थोडी आकडेमोड होईल, सहन करा.

"चौदाने देतो, साडेनऊने घेतो, साडेचार सुटतात"

हे वाक्य मी इतक्या केबिनमध्ये ऐकलंय की आता समोरच्याने "चौदाने" म्हटलं की पुढचं मीच बोलतो. यात चूक टक्क्यांची नाहीये, चूक ही की दोन्ही टक्के कायम तिथेच राहणार असं धरून चाललंय.

हिशोबापुरतं एक उदाहरण घेऊ. कंपनीने वाटलेलं कर्ज ४० कोटी, फिक्स १४ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाचं व्याज ५ कोटी ६० लाख. बँकेकडून उचललेले ३२ कोटी, साडेनऊ टक्क्यांनी पण फ्लोटिंग (म्हणजे मधे मधे बदलणाऱ्या दराने), त्याचं व्याज ३ कोटी ४ लाख. मधे राहिले २ कोटी ५६ लाख. पगार, ऑफिसचं भाडं, वसुलीच्या पोरांचं पेट्रोल, सॉफ्टवेअर असा खर्च १ कोटी ६० लाख आणि बुडीतासाठी बाजूला ४० लाख. हातात राहिले ५६ लाख, मालक खूश.

आता २०२२ आठवा. ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या मीटिंगच्या आधीच, मधेच अचानक रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) ४ वरून ४.४० केला आणि मग वाढवत वाढवत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर नेला. नऊ-दहा महिन्यात अडीच टक्के. बँकेने ते सगळे आपल्याला लावले तर ३२ कोटींवर वर्षाला ८० लाख जास्तीचं व्याज, आणि आपला नफा होता ५६ लाख. म्हणजे २४ लाखाचा तोटा, तोही एकाही पार्टीने हप्ता न चुकवता! प्रत्यक्षात वाढ एकदम लागत नाही, जुनी कर्जं फिटत जातात आणि ते पैसे नव्या दराने बाहेर जातात, त्यामुळे एवढा फटका पहिल्याच वर्षी बसेल असं नाही, पण गाडी कुठल्या दिशेला जातेय ते कळलं असेल.

यावर उपाय म्हणजे एक साधी एक्सेल शीट. प्रत्येक देण्याघेण्यापुढे एक कॉलम टाका, "दर पुढचा कधी बदलणार". कर्ज कधी संपणार हा कॉलम वेगळा, त्याची गल्लत करू नका, आणि सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. बँकेचं सात वर्षांचं टर्म लोन असतं आणि अकाउंटंट ते सात वर्षांच्या ओळीत टाकून मोकळा होतो, पण त्या लोनचा दर जर दर तीन महिन्यांनी रिसेट होत असेल, म्हणजे नव्याने ठरत असेल, तर व्याजाच्या हिशोबाला ते तीन महिन्यांचंच कर्ज आहे. बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) काढा, रिसेटची अट कुठल्यातरी आतल्या पानावर बारीक अक्षरात असते ती वाचा, आणि मग शीट भरा. समजा तीन महिन्यांच्या आत दर बदलणारी आपली उसनवारी २८ कोटी निघाली आणि त्याच काळात दर बदलणारं आपलं वाटप फक्त ६ कोटी, तर फरक २२ कोटींचा. रेपो एक टक्का वाढला आणि तो पूर्ण आपल्याला लागला की वर्षाला जवळपास २२ लाख गेले. हा एक आकडा डायरेक्टरांच्या टेबलावर दर महिन्याला असला पाहिजे, बाकी रंगीत ग्राफ नसले तरी चालतील.

मग सगळ्यांना फ्लोटिंगच लावू!

पहिली चूक कळली की लगेच ही दुसरी होते, आगीतून फुफाट्यात. फ्लोटिंग लावलं की दरवाढीचा धोका गिऱ्हाईकाच्या डोक्यावर जातो हे बरोबर, पण गिऱ्हाईकाला तो झेपला नाही तर तोच धोका थकबाकी होऊन आपल्या दारात येतो. गुहागर-दापोलीकडच्या एका होमस्टेला १५ वर्षांसाठी ३० लाख दिले असं धरा. ९ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण ३०,४३०. दर साडेअकरा झाला की तोच होतो ३५,०५० च्या आसपास, आणि हप्ता न वाढवता मुदत वाढवायची म्हटलं तर १५ वर्षांची होतात २५ वर्षांच्या वर. होमस्टेवाल्याच्या रूमचं भाडं काही रेपोवर चालत नाही, ते मे महिन्यात आणि दिवाळी-ख्रिसमसला मिळतं तेवढंच. कर्ज देतानाच दर दोन-अडीच टक्के वाढला तर हप्ता किती हे काढून बघा आणि तो झेपत असेल तरच फ्लोटिंग द्या.

दुसरी गोम अशी की फ्लोटिंग-फ्लोटिंगमध्ये पण फरक असतो. आपण गिऱ्हाईकाला दिलं रेपोला जोडून आणि बँकेने आपल्याला दिलंय एमसीएलआरला (बँक स्वतःच्या पैशांच्या खर्चावरून ठरवते त्या दराला) जोडून. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. आपलं गिऱ्हाईक लगेच फोन करून विचारतं व्याज कधी कमी करताय आणि करावं लागतंच, पण बँकेचा एमसीएलआर हळूहळू उतरतो आणि तो पण आपल्या रिसेटच्या तारखेलाच लागू होतो, ती तारीख आठ महिने लांब असेल तर तोपर्यंत मधला मार आपण खायचा. ज्या मापाने घेतलं त्याच मापाने द्या, नाहीतर निदान मधला फरक दरात धरा.

छोट्या मुदतीचे पैसे, लांब मुदतीचं कर्ज

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या फायनान्स कंपनीने पैसे थकवले आणि त्यानंतर फायनान्स कंपन्यांना बाजारातून पैसे मिळणं कसं आटलं ते या लाइनमधल्या लोकांना आठवत असेल. तीन महिन्यांचं कमर्शियल पेपर (बाजारातून छोट्या मुदतीचे पैसे घ्यायचा कागद) उचलायचं, त्यातून लांब मुदतीची कर्जं वाटायची, आणि पेपर संपला की नवा काढायचा, हे चक्र फिरत होतं तोवर सगळे हुशार होते. आपल्याकडे कमर्शियल पेपर नसतो, पण त्याचा गावठी भाऊ असतो, दरवर्षी रिन्यू होणारं कॅश क्रेडिट (ठरलेल्या लिमिटपर्यंत लागतील तसे पैसे काढायची बँकेची सोय). त्यातून पाच वर्षांचं नौकेचं कर्ज दिलेलं असतं. रिन्यूअलच्या वेळी बँकेने लिमिट कापलं तर नौकेवाल्याकडून काय एकरकमी मागणार? आणि व्याज तर सोडाच, इथे मुद्दलाचाच प्रश्न येतो.

बँक लिमिट का कापेल, आपण तर चांगले वागतोय, असं वाटतं. पण बऱ्याचदा कारण आपण नसतोच. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांनी एनबीएफसींना (म्हणजे आपल्यासारख्या, बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांना) दिलेल्या कर्जावरचं रिस्क वेट (त्या कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं ते ठरवणारा आकडा) वाढवलं, लगेच बँकांना ते कर्ज महाग पडायला लागलं. ते परत खाली आणलं २०२५ मध्ये. मधल्या काळात एकाच बँकेवर अवलंबून असलेल्यांनी काय करायचं? दोन-तीन बँका ठेवा, रिन्यूअलच्या तारखा एकाच महिन्यात येऊ देऊ नका.

कोकणाचं कॅलेंडर न बघता हप्ते लावणं

ही चूक मुंबई-पुण्याचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं वापरणारे हमखास करतात. मच्छीमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली, खलाशी गावाला गेलेले, आणि उत्पन्न शून्य. उलट याच काळात मालकाचा खर्च असतो, इंजिनचं काम, रंग, आणि नवीन सीझनसाठी तांडेल-खलाशांना आगाऊ रक्कम. ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी समुद्र खवळलेला असतो, बरेच जण नारळी पौर्णिमेनंतरच खरे बाहेर पडतात, मग डिझेल-बर्फाची उधारी आधी भागते आणि आपला नंबर त्याच्यानंतर. म्हणजे १ जूनचा हप्ता चुकला तर सप्टेंबर उजाडेपर्यंत नव्वद दिवस झाले सुद्धा, आणि ३१ मार्च २०२६ पासून छोट्या एनबीएफसींना पण एनपीएसाठी (खातं थकीत धरण्यासाठी) नव्वद दिवसांचाच नियम आहे. माणूस चांगला, नौका चांगली, आणि खातं एनपीए!

आंब्याचं तर अजून वेगळं. बाग खंडाने घेणाऱ्याचे पैसे फवारणी, राखण, पेट्या यात सुरुवातीपासून जात राहतात आणि येतात ते मार्च ते मे, तेही वाशीच्या दलालाकडून पट्टी (विक्रीचा हिशोब) आल्यावर. त्याला डिसेंबरचा हप्ता लावून काय मिळणार?

यात व्याजदराचा संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध असा की आपल्या बँकेचा हप्ता मात्र बारा महिने त्याच तारखेला जातो. जून-जुलैत वसुली आटते तेव्हा तो भागवायला कॅश क्रेडिट शेवटापर्यंत ओढलं जातं किंवा कुठूनतरी महागडे तात्पुरते पैसे उचलले जातात, आणि नेमके तेव्हाच दर वाढलेले असले तर डबल मार. वर थकबाकी ठरावीक टक्क्याच्या पुढे गेली की व्याज वाढवायचा हक्क बँकेला देणारी अट सँक्शन लेटरमध्ये असू शकते, तीही शोधून ठेवा. म्हणून वरच्या शीटमध्ये कराराच्या तारखा नको, पैसे खरंच कधी येतात त्या तारखा घाला, आणि नौकेला आठ-दहा महिन्यांचे मोठे हप्ते आणि पावसाळ्यात फक्त व्याज असा तक्ता सुरुवातीलाच द्या. नंतर बदलून दिला तर त्याला रिस्ट्रक्चरिंग म्हणतात, त्याचे वेगळे भोग.

दर उतरले की निवांत होणं

दर उतरताना फिक्स दराने दिलेल्याचं बरं असतं, असं वाटतं. होतं असं की चौदाने घेतलेला चांगला गिऱ्हाईक बँकेत जाऊन साडेदहाने घेतो आणि आपलं कर्ज फेडून टाकतो. जातो तो चांगलाच, कारण बँक त्यालाच दारात उभं करते, ज्याचे हप्ते रखडतात तो आपल्याकडेच राहतो. परत आलेले पैसे आता कमी दराने वाटायचे आणि आपण स्वतः फिक्स दराने काढलेले डिबेंचर (कर्जरोखे) मात्र जुन्याच दराने फेडत बसायचं. प्रीपेमेंट चार्ज (मुदतीआधी फेडल्याचा आकार) लावू म्हणाल तर त्यावर फार विसंबू नका, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग कर्जांवर छोट्या उद्योगांकडून तो घ्यायला बँकांना आणि मोठ्या एनबीएफसींना बंदी आलीये, रिझर्व्ह बँकेने एनबीएफसींचे जे थर पाडलेत त्यातल्या तुमच्या कंपनीच्या थराला काय लागू आहे ते सीएकडून नीट तपासून घ्या.

तारणाचा भाव कायम तोच राहील

सोनं चढतंय म्हणून तारणावर कमाल मर्यादेपर्यंत पैसे देणारे एप्रिल २०१३ विसरलेत, तेव्हा काही दिवसांत भाव असा कोसळला की गोल्ड लोन कंपन्यांची झोप उडाली. काजूचं गणित अजून फसवं. कोकणातल्या फॅक्टऱ्या आफ्रिकेतून आलेली कच्ची बी पण वापरतात, ती डॉलरमध्ये. गोदामातला माल तारण ठेवून कर्ज दिलं, मग बीचा भाव पडला, तर माल तेवढाच पण तारण कमी. मासळी एक्स्पोर्टवाल्याचं पण तसंच, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची ड्युटी ५० टक्क्यांवर नेली तेव्हा कोळंबीवाल्यांचे ऑर्डर-भाव सगळे हलले. आपण तर रुपयात कर्ज दिलंय म्हणून डॉलरशी आपला संबंध नाही असं नसतं, गिऱ्हाईकाचा डॉलर हलला की आपला रुपया हलतो. अशा पार्टीला विचारा, फॉरवर्ड कव्हर घेतलंय का (म्हणजे डॉलरचा पुढचा भाव आधीच बांधून घेतलाय का), माल कुठल्या देशात जातो, एकच खरेदीदार आहे का. आणि तारणाचं व्हॅल्युएशन तीन वर्षांपूर्वीचं फाइलला लावून ठेवू नका.

शिल्लक पैसे "सेफ" सरकारी रोख्यात

सरकारी रोखे बुडत नाहीत, पण त्यांचा भाव पडतो. दहा वर्षांच्या आसपासच्या रोख्याचा भाव दर एक टक्का वाढला की ढोबळमानाने सात टक्के उतरतो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक अशाच लांब मुदतीच्या चांगल्या रोख्यांमुळे गोत्यात आली, ठेवीदार एकदम पैसे मागायला आले आणि रोखे तोट्यात विकावे लागले. जूनमध्ये लागणारे पैसे लिक्विड फंडात किंवा छोट्या एफडीत ठेवा, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.

आधीच अडकला असाल तर

सगळ्यात आधी बँकेकडे जा, दर वाढायची चाहूल लागली की, बैल गेल्यावर झोपा करायला नको. थोडा भाग फिक्स दरावर करून मागा, पाव टक्का जास्त पडला तरी घ्या. नवीन कर्जांचा दर त्याच आठवड्यात बदला, "पुढच्या क्वार्टरपासून" म्हणत बसू नका. कर्जाची मुदत पाचवरून तीन वर्षांवर आणता आली तर दर बदलायची संधी लवकर मिळते. इंटरेस्ट रेट स्वॅप (फिक्स आणि फ्लोटिंग व्याजाची अदलाबदल करायचा करार) वगैरे कोणी विकायला आलं तर चाळीस-पन्नास कोटींच्या कंपनीने त्यात शिरू नये असं माझं मत, ते समजून सांभाळणारा माणूस ठेवायचा पगारच जास्त होईल. आणि अर्धा टक्का वाचतोय म्हणून पाच वर्षांचं बँक लोन सोडून एखाद्या ओळखीच्या पार्टीकडून सहा महिन्यांचे पैसे उचलायचा मोह होईल, तो जूनच्या तोंडावर तरी अजिबात नको.