पडवीतल्या इन्व्हर्टरचा हीट सिंक: पंख्याचा वारा खालून वरच हवा

देवगड-मालवणकडे सोलर इन्व्हर्टर पडवीत, जांभ्याच्या भिंतीवर लावणं उत्तम. ऊन लागत नाही, पागोळ्याही दूर राहतात. पण हीट सिंकच्या (यंत्राची उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भागाच्या) पात्यांतून हवा खेळली नाही, तर ऐन दुपारी यंत्र स्वतःला वाचवायला आउटपुट कमी करतं.

पाती उभीच हवीत. तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर चढते, आडव्या पात्यांत ती कोंडते. बाजूनं येणारा खारा वारा उभ्या पात्यांच्या वरवरून निघून जातो, आत फारसा शिरत नाही. त्याच्यावर विसंबू नका. पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडा, सांगितली नसेल तर वर-खाली 30 सेंमी. पावसाळ्यात समोर झापं किंवा प्लॅस्टिक बांधताना हीच जागा हमखास बुजते.

जादा पंखा लावायचा तर यंत्राचं झाकण न उघडता, पात्यांच्या खाली, वर फुंकणारा लावा. कारण हिशेबानंच पटेल. हवा 32 अंश, पाती 62 अंश, पात्यांची उंची 15 सेंमी धरा. 9.8 (गुरुत्वत्वरण) × 30 (तापमानातला फरक) × 0.15 (मीटरमधली उंची) भागिले 320 (केल्विनमधलं सरासरी तापमान) म्हणजे 0.138, त्याचं वर्गमूळ 0.37. पात्यांमधल्या वाऱ्याचा वेग सेकंदाला 0.37 मीटरच्या आसपास असतो, तेव्हा पंख्याचा जोर आणि गरम हवेचा चढता जोर जवळपास तुल्यबळ असतात. 0.12 च्या खाली पंखा असून नसल्यासारखा, 1.2 च्या वर त्याचंच राज्य, दिशा कुठलीही असो. घोटाळा मधल्या पट्ट्यात होतो. खाली फुंकणारा पंखा नवा असताना जोरात चालतो, म्हणून चूक कळत नाही. मग बेअरिंग गंजतं, मीठ-धूळ साचते, वेग उतरतो आणि दोन्ही प्रवाह एकमेकांना अडवून गरम हवा पात्यांच्या मध्यावर थबकते.

हे डोळ्यांनी बघता येतं. यंत्र चालू असताना उदबत्ती पात्यांच्या 5 सेंमी खाली धरा (बॅटरीजवळ मात्र नको). धूर सरळ आत ओढला जाऊन वरून निघाला, तर ठीक. तो घुटमळला किंवा परत खाली आला, तर पंखा उलटा आहे किंवा फटी बुजल्या आहेत.

पंख्याविना चालणाऱ्या एवढ्याच उंचीच्या हीट सिंकला पात्यांमध्ये साधारण 8 मिमी अंतर लागतं. 3 मिमीची दाट पाती दिसायला भरघोस, पण पंखा बंद पडला की गुदमरतात.

मिठाचा थर उन्हाळ्यात पांढरा, कोरडा दिसतो. आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की तोच पाणी ओढून चिकट होतो आणि धूळ धरून ठेवतो. म्हणून साफसफाई पावसाच्या आधी करा. आधी एसी (घराकडे जाणारी वीज) बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच), मग लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबा. मऊ ब्रशनं वरून खाली झाडा, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, पूर्ण सुकू द्या. ॲसिड, कॉस्टिक सोडा आणि प्रेशर पंप वर्ज्य. स्क्रू पितळी नकोत. खाऱ्या ओलाव्यात पितळेच्या संगतीनं ॲल्युमिनियम झिजतं.

शेवटी तापमान. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचं, बहुधा कमी दाखवतो. पात्यांच्या वरच्या टोकाला काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरा. भर दुपारी, लोड स्थिर झाल्यावर पाती आणि हवेतला फरक मोजून भिंतीवर पेन्सिलनं लिहा. तेवढ्याच लोडला तो 10 अंशांनी वाढला, की आधी पंखा नीट फिरतोय का बघा, मग ब्रश उचला.