पिकअपचे मागचे पाटे बदलताय? या चुका टाळा

मोडलेला पाटा, म्हणजे मागच्या ॲक्सलवर थराने बांधलेली स्प्रिंगची पट्टी, भंगारात टाकायची घाई करू नका. आधी तो उन्हात धरा आणि कुठे मोडलाय ते बघा. आमच्याकडे पाटा मोडला की तोंडातून पहिला शब्द निघतो 'ओव्हरलोड'. मालक ड्रायव्हरवर चिडतो, ड्रायव्हर व्यापाऱ्यावर, आणि मेकॅनिक जास्तीचे 2 पाटे टाकून मोकळा होतो. पण पाटा बरोबर मध्ये, सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून मोडला असेल तर संशय आधी ढिल्या यू बोल्टवर घ्यायचा, लोडवर नंतर. यू बोल्ट घट्ट असतात तोवर पाट्यांचा मधला भाग ॲक्सलला आवळलेला असतो, तिथे वाक जवळपास येतच नाही. ते ढिले पडले की गाडी प्रत्येक खड्ड्याला पाटा नेमका भोकापाशी वाकवते, आणि भोक ही तर पाट्याची सगळ्यात कमजोर जागा. मोड टोकाकडे असेल तर मात्र लोड, खड्डे आणि गंज तपासा. मोडीचा थोडा भाग काळपट आणि उरलेला चकचकीत दिसला, तर तडा जुनाच होता, आज फक्त सुटा झाला.

जुने यू बोल्ट

ही चूक मीच केली आहे, म्हणून आधी हीच सांगतो. आंबिया बहाराचे दिवस होते, वरुडहून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्री नेत होतो. उजवीकडचा मेन पाटा, म्हणजे सगळ्यात लांब, दोन्ही टोकांनी चेसिसला जोडलेला, मोडला. नवा आणला, पण यू बोल्ट जुनेच बसवले, कारण आटे दिसायला चांगले होते आणि हंगामात गाडी उभी ठेवायची नव्हती. 3 आठवड्यांनी काटोलच्या अलीकडे चहाला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी वाकडी कावून चालून रायली?" खाली वाकून बघतो तर सेंटर बोल्ट तुटलेला, आणि ॲक्सल उजव्या बाजूने 2 बोटं मागे सरकलेला. मागचे टायर एका कडेने खाल्ले होते ते वेगळंच.

यू बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच तो पाटे धरून ठेवतो. एकदा ताणलेला, वर्षानुवर्षं चिखल खाल्लेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढं धरेल याची खात्री नाही. पाटा काढला की यू बोल्ट, नट आणि वॉशर नवेच घ्या. पाट्याच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

आवळायचीही रीत आहे. एका बाजूचे दोन्ही नट पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला गेलात तर खालची प्लेट तिरपी बसते. चारही नट थोडे थोडे, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून आवळा. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर करा. पान्याला पाइप लावून 'आता बस झालं' असं म्हणेपर्यंत ओढणारे बरेच दिसतात. त्यात एक बोल्ट आटे सोडण्याच्या घाईला येतो आणि दुसरा अर्धवटच राहतो. टॉर्क पाना मिळवा आणि गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला आकडा धरा.

आपल्या भागाचा खास त्रास म्हणजे काळी माती. पाटा आणि ॲक्सलची गादी (पाटा जिथे बसतो ती सपाट जागा) यांच्या मध्ये ती वाळून विटेसारखी कडक होते. तिच्यावरच नवा पाटा ठेवून आवळला तर नट घट्ट लागल्यासारखे वाटतात. मग 2-4 फेऱ्यांत माती भुगा होऊन निघून जाते आणि बोल्ट ढिले. गादी वायर ब्रशने घासून लोखंड दिसेपर्यंत साफ करा. नुसतं पाणी मारून भागत नाही.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, म्हणजे गाडी अडली?

नाही अडली. पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं हवेत गेली की तो कुणाला धरणार? गिअरचंही तसंच. इंजिनाची अडवणूक मागच्या चाकांपर्यंत डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून पोहोचते, म्हणून एक चाक उचललेलं असेल तर ते मोकळं फिरतं आणि टेकलेलं चाक गाडीला जाऊ देतं. तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चांगले मोठे गोटे लावा, मगच जॅक लावा.

जॅकवर गाडी उभी करून खाली झोपणं तर सोडाच. चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावा आणि जॅक ॲक्सलखाली ठेवा, म्हणजे तो हवा तसा वर-खाली करता येतो. शेताच्या बांधावर, पावसाळी जमिनीवर काम निघालंच तर घोडीखाली जाड फळी घाला. ॲक्सल खाली सोडताना एक डोळा ब्रेकच्या रबरी होजवर असू द्या. शॉकॲब्झॉर्बर आधीच सोडलेले असतील तर ॲक्सल खाली लोंबतो आणि त्याचा भार त्या होजवर येतो.

पाटा उलटा बसणं

सेंटर बोल्टपासून पुढचं टोक आणि मागचं टोक यांचं अंतर बऱ्याच पाट्यांत सारखं नसतं. घाईत पाटा उलटा चढवला तर तो बसतो, पण ॲक्सल पुढे किंवा मागे जातो. जुना आणि नवा पाटा शेजारी ठेवून टेपने दोन्ही बाजूंची मापं घ्या. सेंटर बोल्टचं डोकं गादीच्या भोकात पूर्ण उतरलं का, हे बोटाने चाचपून बघा. डोकं भोकाच्या काठावर बसलेलं असताना यू बोल्ट आवळले की थोड्याच दिवसांत ते तुटतं.

पाटे बांधून ठेवणाऱ्या क्लिपा परत न लावणं हीसुद्धा नेहमीची गफलत. गाडी उसळून खाली येते तेव्हा पाटे एकमेकांपासून सुटतात, क्लिपा नसतील तर सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो.

बुश आणि ग्रीस

पाट्याच्या टोकातल्या रबरी बुशला ग्रीस लावू नका. पेट्रोलियमचं ग्रीस साध्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. ज्या शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) पिनेला ग्रीस निपल आहे तिथे मात्र ग्रीस हवंच. आणि रबरी बुशचे बोल्ट ॲक्सल लोंबत असताना फायनल आवळू नका. तसं केलं तर गाडी खाली टेकताच बुश पीळ खाऊन बसतं, कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

तापवून ठोकलेला, वेल्डिंग केलेला पाटा

पाट्याच्या पोलादाला त्याचा लवचिकपणा भट्टीत मिळतो. आधी लाल तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा साधारण 400 ते 500 अंशांना तापवतात. भट्टीत तापवून हातोड्याने वाक दिला आणि हवेत निवू दिला, तर वाक दिसतो पण जोर गेलेला असतो. महिन्याभरात गाडी पुन्हा बसते. वेल्डिंगचं तर विचारूच नका. सांधा टिकला तरी सांध्याच्या बाजूला तापलेली जागा मोडते, आणि ती मोडते ती भरल्या गाडीत, उतारावर.

जास्तीचे पाटे

हे आमच्या गावोगावचं आवडतं दुखणं. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, पण चेसिस, ॲक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. रिकामी गाडी दगडासारखी आदळते आणि संत्र्याचे कॅरेट तळाकडून चेंदामेंदा होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पाटे किती आहेत याच्याशी वजनकाट्याला काही देणंघेणं नसतं.

यात लपलेली एक गोष्ट मेकॅनिकही विसरतात. बऱ्याच पिकअपला मागे एलएसपीव्ही नावाचा वॉल्व्ह असतो. ॲक्सलला जोडलेल्या दांडीवरून त्याला कळतं की गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि त्यानुसार तो मागच्या ब्रेकला तेलाचा दाब सोडतो. तुम्ही पाटे वाढवून गाडीचं बूड उंच केलंत की भरल्या गाडीतही त्याला वाटतं, गाडी रिकामीच आहे. मग मागचे ब्रेक कमी लागतात आणि पुढचे जळतात. साधे पाटे बदलले तरी उंची बदलते, म्हणून ही दांडी सर्व्हिस पुस्तकाप्रमाणे पुन्हा लावून घ्या.

पाट्यांसोबत हवेचे बलून टाकणारेही हल्ली भेटतात. बलून चांगले, पण कंपनीने सांगितलेला किमान दाब रिकाम्या गाडीतही ठेवावा लागतो, नाहीतर रबर घडीत चिमटून फाटतं. हवा गळत असेल तर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जागा दाखवतात. चेसिसला जॅक लावून ॲक्सल लोंबवण्याआधी मात्र हवा काढून टाका, नाहीतर बलून मर्यादेबाहेर ताणला जातो. वजन वाहायची परवानगी बलूनने 1 किलोनेही वाढत नाही.

काम झाल्यावरही खोड राहिली तर

गाडी एका बाजूला झुकली तर आधी टायरची हवा बघा. हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. मग सपाट सिमेंटवर उभी करून चाकाच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. एकाच बाजूचा पाटा बदलला असेल तर फरक राहणारच, कारण दुसरा पाटा वापरून बसलेला असतो. पाटे जोडीनेच बदलायचे.

गाडी तिरपी चालतेय अशी शंका आली तर पावसाने ओल्या झालेल्या डांबरावरून कोरड्या भागात सरळ न्या आणि उतरून ठसे बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या ठशांतला फरक डावीकडे आणि उजवीकडे सारखा हवा. नसेल तर ॲक्सल सरकलाय. बहुतेक सेंटर बोल्ट किंवा उलटा पाटा.

सुटताना आणि ब्रेक मारताना 'खट' आवाज आला तर यू बोल्ट आणि शॅकल बघा. खड्ड्यात 'कुई कुई' करत असेल तर बहुतेक बुश. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा फिरता दांडा) गुणगुणायला लागला असेल तर ॲक्सल आणि पाट्यांमधली पाचर उलटी बसली असेल, ती तपासा.

पहिली भरलेली फेरी झाली की यू बोल्ट पुन्हा आवळा आणि साधारण 500 किलोमीटरच्या आत आणखी एकदा. आवळून झालं की नट आणि बोल्टवरून पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून ठेवा. डिझेल भरताना खाली नजर टाकली आणि रेघ दोन ठिकाणी दिसली, तर तिथेच गाडी बाजूला घ्या आणि पाना काढा.