जर्मनीत शिकायला येताय? आधी पत्रपेटीवर नाव चिकटवा

जर्मनीत मास्टर्सला येणाऱ्या पोरांना ॲडमिशन, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायचे पैसे) यावर सांगणारे ढीगभर आहेत, पण इथे आल्यावर जे रोजचं रोज डोकं खातं त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण एकेक गोष्ट सांगण्याइतकी मोठीच नसते. रविवारी दूध संपलं, दार मागे लागलं आणि किल्ली आत, फोडणी दिली आणि अलार्म बोंबलला, असली प्रकरणं. म्हणून हे लिहितेय. क्रमाबिमाने नाहीये, जे जास्त छळतं त्यावर जास्त लिहिलंय.

सगळ्यात आधी पत्रपेटी. हसू नका. इथे अजूनही महत्त्वाचं बहुतेक सगळं पोस्टाने येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दोन दिवसांनी दुसऱ्या पाकिटात, इन्शुरन्सचं कार्ड तिसऱ्या. आणि पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच, पोस्टमन फक्त पेटीवरचं आडनाव बघतो. तुमचं नाव तिथे नसलं की पत्र सरळ परत जातं आणि तुम्ही महिनाभर बँकेला शिव्या घालत बसता. त्यामुळे सामान उतरवलं की पहिलं काम म्हणजे कागदावर पासपोर्टवरचं आडनाव मोठ्या अक्षरात लिहायचं आणि पेटीवर आणि बेलवर दोन्हीकडे चिकटवायचं. कोणाकडे सबलेटवर, म्हणजे भाडेकरूकडून भाड्याने घेऊन, राहत असाल तर पत्ता देताना त्या माणसाचं नाव केअर ऑफ म्हणून घालायचं. पार्सलवाला बेलवरचं नाव शोधतो, तुम्ही घरी नसलात तर शेजाऱ्याकडे ठेवून पेटीत चिठ्ठी टाकून जातो. मग लाजायचं नाही, जायचं आणि बेल वाजवायची, शेजाऱ्यांशी ओळख व्हायचा याहून सोपा मार्ग इथे नाही.

हे पत्रपेटीचं एवढं का तर आनमेल्डुंग, म्हणजे पत्ता नोंदवणं. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टात, म्हणजे नागरिकांच्या सरकारी ऑफिसात, करायची असते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, तो किल्ल्या घेतानाच मागून घ्या, नंतर मालक फोन उचलत नाहीत. मोठ्या शहरात दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळणं कठीण, म्हणून पुण्यात बसल्या बसल्याच ऑनलाइन स्लॉट बघायला सुरुवात करा, सकाळी सकाळी कॅन्सल झालेले स्लॉट सुटतात, आणि बुकिंगचा मेल जपून ठेवा. नोंदणी झाली की काही आठवड्यांनी टॅक्स आयडी पोस्टाने येतो (पेटी!), तो नसेल तर पार्टटाइम जॉबच्या पगारातून सगळ्यात महागड्या क्लासने टॅक्स कापतात. रेसिडेन्स परमिटलाही हीच नोंदणी लागते.

आणि अजून एक पत्र येतं, त्याला बरेच जण स्पॅम समजून फेकतात. रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना 18.36 युरो. माझ्याकडे टीव्हीच नाही हे उत्तर चालत नाही, वर्गणी घरामागे आहे, टीव्हीमागे नाही. पण घरामागे म्हणजे शेअर फ्लॅटमध्ये चार जण असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणीचा नंबर ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकून मोकळं व्हायचं. होस्टेलमध्ये स्वतंत्र खोली असेल तर मात्र बहुतेक वेळा प्रत्येकाला वेगळी. पत्राला उत्तरच दिलं नाही तर मागची थकबाकी दंडासकट येते, तेव्हा कितीही कंटाळा आला तरी उत्तर द्या.

आता दार. इथल्या बऱ्याच फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारं हँडल नसतं, नुसता एक गोळा असतो. कचरा टाकायला नाइट पॅन्टवर खाली गेलात आणि मागे वाऱ्याने दार लागलं की तुम्ही बाहेर, मोबाईल आत, किल्ली आत, गॅलरीत कपडे. कुलूपवाला येऊन दोन मिनिटांत दार उघडतो आणि रात्री किंवा रविवारी त्याचे जे पैसे लावतो ते ऐकून घाम फुटतो. त्यामुळे एक जादा किल्ली जवळपासच्या मित्राकडे ठेवून द्या, हाउसमाइस्टरचा (बिल्डिंग सांभाळणाऱ्याचा) नंबर पाकिटात लिहून ठेवा, आणि कुलूपवाला बोलवायचीच वेळ आली तर गुगलवर सगळ्यात वर जाहिरात दिसते त्याला लगेच फोन करू नका, शहरातलाच दुकानवाला शोधा आणि येण्याआधी फोनवर पूर्ण रक्कम विचारा, येण्याजाण्याच्या खर्चासकट. किल्ली हरवली तर आणखीच मोठं लफडं, कारण बिल्डिंगच्या मेन दाराला आणि खोलीला बऱ्याचदा एकच किल्ली असते आणि अख्खी कुलपं बदलायचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. हाफ्टफ्लिश्ट नावाचा, तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा इन्शुरन्स स्वस्तात मिळतो, घेताना त्यात किल्ली हरवणं कव्हर आहे ना हे एवढं नक्की बघा.

स्वयंपाक. इथल्या बऱ्याच किचन चिमण्या धूर बाहेर टाकतच नाहीत, फिल्टरमधून फिरवून परत तुमच्याच तोंडावर सोडतात. त्यामुळे तेल तापायला ठेवण्याआधी खिडकी पूर्ण उघडा आणि कॉरिडॉरकडचं दार बंद करा. नवीन पोरं हमखास उलटं करतात, धूर झाला की घाबरून कॉरिडॉरचं दार उघडतात, धूर तिथल्या सेन्सरला लागतो, अख्खी बिल्डिंग थंडीत खाली उभी आणि फायर ब्रिगेडची गाडी दारात. काही होस्टेलं त्याचं बिल खोलीवाल्याला पाठवतात. दुसरं म्हणजे काचेची शेगडी, बंद केली तरी तापलेलीच राहते, गॅससारखं बटण फिरवलं की झालं असं नाही. मोहरी तडतडली की कढई उचलून बाजूला ठेवायची आणि मग हिंग-हळद, नाहीतर हळद काळी झालीच म्हणून समजा. जॅकेट स्वयंपाक करण्याआधी कपाटात टाका, कांद्याचा वास लोकरीत बसला की लेक्चर हॉलपर्यंत येतो. कुकर आणताना स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला आणा, ॲल्युमिनियमचा कुकर साध्या काचेच्या शेगडीवर चालतो पण इंडक्शनवर नाही, आणि तुमच्या फ्लॅटमध्ये काय असेल ते आधी कळत नाही. मिक्सर चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त तीन पिनच्या प्लगला ॲडॉप्टर लागेल.

बॅग भरताना आई तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या कोंबणार. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, कस्टमवाल्याने बॅग उघडली तर सगळं डस्टबिनमध्ये जातं. ताजा कढीपत्ता, आंबे हेही सर्टिफिकेटशिवाय नाही. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, लसणीची चटणी बिनधास्त आणा. तूप इथे इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, आणि नाही मिळालं तर बिनमिठाचं बटर घ्या आणि घरी कढवा, मस्त होतं.

रविवारी दुकानं बंद. सगळी. मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकरी एवढंच उघडं असतं आणि पंपावर दूधसुद्धा महाग. ईस्टरला तर शुक्रवार बंद, रविवार बंद, सोमवारही बंद, त्यामुळे मधल्या शनिवारी दुकानात जत्रा असते, गुरुवारीच आटपा. रविवारी ड्रिल, व्हॅक्यूम, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणं हेही नाही, आणि रात्री दहानंतर आवाज नाही. खाली जिन्यात हाउसऑर्डनुंगचा, म्हणजे बिल्डिंगच्या नियमांचा कागद लावलेला असतो, फोनने ट्रान्सलेट करून एकदा वाचाच, वॉशिंग मशीन कधी लावायचं तेही त्यात असतं.

थंडीत खिडकी किलकिली ठेवून हीटर चालू, हे करू नका. हीटर बंद करायचा, खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, परत लावायची, दिवसातून दोन-तीनदा. खोलीत कपडे वाळत घातले आणि हवा खेळती नसली की कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि मालक ती डिपॉझिटमधून वसूल करायला बघतो. राहायला आल्याच्या दिवशी खोलीचे फोटो काढून ठेवा, कोपऱ्यांचे पण.

औषधं. साधी पॅरासिटामॉलसुद्धा फक्त आपोटेकमध्येच, म्हणजे औषधांच्या दुकानातच मिळते, डीएम-रॉसमान या साबण-शाम्पूवाल्या दुकानांत नाही, आणि आपोटेक रविवारी बंद, फक्त एखादी ड्युटीवर असते. घरातून एक पट्टी आणाच. ताप आहे पण ॲम्ब्युलन्सएवढं नाही तर 116117 ला फोन, खरंच इमर्जन्सी असेल तर 112. फॅमिली डॉक्टर बरे असतानाच शोधून ठेवा, आजारी पडल्यावर शोधायला गेलं की नवीन पेशंट घेत नाही हेच ऐकायला मिळतं.

बाटल्यांचे पैसे परत मिळतात, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला आणि कॅनला 25 सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला 8. चेपू नका, मशीन बारकोड वाचतं. मशीनमधून निघालेली पावती काउंटरवर दाखवायला विसरू नका, खिशात धुतली जाते ती.

डॉइचलंडटिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल बस-ट्रेनचा मासिक पास, दर महिन्याला आपोआप रिन्यू होतं. सुट्टीत भारतात जाणार असाल तर आदल्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कॅन्सल करा, 11 तारखेला केलंत तर आणखी एका महिन्याचे पैसे गेले. बऱ्याच युनिव्हर्सिटींच्या सेमिस्टर फीमध्येच तिकीट असतं, तेव्हा आधी ते बघा, उगाच दोनदा काढू नका.

आणि हो, बाथरूममध्ये जेट नसतो. नंतर इथे विकत मिळतो, पण येताना टमरेल आणायला विसरू नका, पहिल्या रात्री दुकान उघडं असेलच असं नाही. स्टेशनवरच्या टॉयलेटला पैसे पडतात, सुपरमार्केटच्या ट्रॉलीलाही नाणं लागतं, तेव्हा पाकिटात एक युरोचं नाणं कायम ठेवा.